गेटवरचा मेजर

सातारा-सांगलीकडे पेन्शनीवर आलेल्या फौजीला सगळं गाव 'मेजर' म्हणतं. तो शिपाई म्हणून घरी आला, नाईक म्हणून की हवालदार म्हणून, याची चौकशी कुणी करत नाही. पारावर, एसटी स्टँडवर, विकास सोसायटीच्या सभेत तो मेजरच. गावाने अशी सढळ हाताने बढती दिलेला हा माणूस अडतिसाव्या-चाळिसाव्या वर्षी कामधंदा बघायला पुण्या-मुंबईला जातो, तेव्हा त्याच्यापुढे बहुतेक वेळा एकच नोकरी येते. निळा शर्ट, शिट्टी, बारा तासांची पाळी आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायची वही.

रखवालीच्या कामात कमीपणा काही नाही. खटकतं ते वेगळंच. पलटणीत एकाने वायरलेस सेट सांभाळलेले असतात, दुसऱ्याने झोजिलावरून ताफ्यात ट्रक नेलेले असतात, तिसऱ्याने वर्कशॉपमध्ये इंजिनं उतरवून पुन्हा चढवलेली असतात, चौथ्याने अख्ख्या पलटणीच्या रेशनचा हिशेब ठेवलेला असतो, पाचव्याने बर्फात जखमींना सलाईन लावलेलं असतं. यातल्या प्रत्येकाला सरकारने पैसे खर्चून वेगळं काम शिकवलं. घरी आल्यावर मात्र पाचही जण गेटवर.

सैन्य माणसाला तरुणपणीच घरी पाठवतं, कारण सैन्याला तरुण माणसं लागतात. तिन्ही दलांतून दरवर्षी सुमारे ६०,००० जण निवृत्त होतात आणि त्यांतले बहुतेक पस्तीस ते पंचेचाळीस वर्षांचे असतात. शिपाई म्हणून लागलेल्या ज्याला बढती मिळाली नाही, त्याची नोकरी सतरा अधिक दोन अशी एकोणीस वर्षांची. नाईक झाला तर चोवीस, हवालदार झाला तर सव्वीस. म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला शिपाई घरी येतो तेव्हा त्याच्या बरोबरीचे बँकेतले, शाळेतले, एसटीतले मित्र नोकरीच्या मध्यावर असतात. त्याची मुलं आठवी-दहावीत असतात. बापाची दवाखान्याची वारी सुरू झालेली असते, घराचं कर्ज अर्धं फिटलेलं असतं. पेन्शन मिळते ती शेवटच्या पगाराच्या निम्मी.

त्या पेन्शनीमुळेच त्याची बेकारी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. पदवी घेऊन घरी बसलेल्या पोराची काळजी सगळी भावकी करते. मेजरला काय, पेन्शन आहे, कँटीन आहे, दवाखान्यासाठी ईसीएचएसचं कार्ड आहे! त्याने नोकरी मागितली की हाव वाटते, नाही मागितली तर आरामात आहे असं समजतात. आणखी वीस-बावीस वर्षं राबू शकणारा माणूस दुपारी पारावर बसून पेपर वाचतो आहे, यात काही वाया जातंय असं कुणाच्या मनातही येत नाही.

हा प्रश्न आजचा नाही. महाराष्ट्राला तो निदान सव्वाशे वर्षं ओळखीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा कोकणात दापोलीच्या आसपास पेन्शनर फौजींची मोठी वस्ती होती. त्यांच्यातलेच एक निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर. १८९४ साली त्यांनी भरती पुन्हा सुरू करावी म्हणून सरकारकडे अर्ज केला. जातीच्या अन्यायाविरुद्धची लढाई म्हणून आपण तो अर्ज वाचतो, आणि ती लढाई होतीच. पण त्यामागे पोटापाण्याचा हिशेबही होता. पलटणीचं दार बंद झालं म्हणजे अख्ख्या पिढीचा पगार, शाळा आणि पुढची पेन्शन एकाच वेळी गेली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली; युद्ध संपलं आणि ती मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं, म्हणजे पुन्हा एक महायुद्ध लागलं.

त्याच दापोलीत काही काळ राहिलेले सुभेदार रामजी सकपाळ. महूला लष्करी शाळेत शिकवण्यात त्यांची बरीच वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर त्यांना साताऱ्यात सार्वजनिक बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी मिळाली. पुढे खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता, तिथे ते कॅशियर होते. दुष्काळी काम म्हणजे रोज शेकडो मजुरांची हजेरी, मोजमाप आणि मजुरीचं वाटप. तिथे अक्षर आणि आकडा दोन्ही पक्के असलेला माणूस लागतो, आणि लष्कराच्या शाळेने तो तयार करून ठेवला होता. त्याला गेटवर उभं न करता तिजोरीशी बसवण्याची अक्कल त्या वेळच्या सरकारी खात्याला होती, ही नोंद घ्यावी अशी गोष्ट आहे. त्या बापाला भेटायला निघालेल्या मुलांचं मसूर स्टेशनवर काय झालं, जात कळताच गाडीवान कसे मिळेनात, हे त्यांतल्याच एकाने, बाबासाहेबांनी, पुढे लिहून ठेवलं आहे. हुद्दा, पेन्शन आणि सरकारी नोकरी हे तिन्ही हाताशी असूनही त्या घराला बैलगाडी मिळेना. माजी सैनिकांविषयी बोलताना आपण सगळ्यांना एकाच वर्दीत बसवतो, म्हणून हे मध्येच सांगितलं.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा सुमारे २५ लाखांचं भारतीय सैन्य कमी करायचं होतं. एवढी माणसं एकदम बाहेर आली तर त्यांचं करायचं काय, या धास्तीतून १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगार यांचं महासंचालनालय निघालं आणि देशात एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज उघडली. ती आधी होती फक्त सुटलेल्या सैनिकांसाठी आणि युद्धकाळातल्या कामगारांसाठी. नंतर ती सर्वांना खुली झाली आणि १९५६ मध्ये राज्यांच्या ताब्यात गेली. साठ-सत्तरच्या दशकात मॅट्रिक झालेला प्रत्येक मराठी मुलगा ज्या कचेरीसमोर रांगेत उभा राहिला, दर काही वर्षांनी ज्या कार्डाचं नूतनीकरण करत राहिला, ती कचेरी मुळात पलटणीतून परतलेल्यांसाठी बांधलेली होती. पुढे रांगेत सगळेच आले आणि ज्यांच्यासाठी दार उघडलं ते मागे राहिले.

युद्धात जायबंदी झालेल्यांसाठी त्याआधीच काही पावलं पडली होती. खडकीचं क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ चं. हात-पाय गमावलेल्या सैनिकांना कामधंदा शिकवून पायावर उभं करणं हा त्याचा हेतू होता आणि शंभर वर्षांनंतरही तोच आहे. खडकीतच कमरेखाली लुळे पडलेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आहे, ते १९७४ चं.

मुरलीकांत पेटकरांची गोष्ट आता सिनेमामुळे घरोघरी पोचली. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा माणूस लष्कराच्या ईएमईत, म्हणजे यंत्रदुरुस्तीच्या शाखेत होता आणि बॉक्सिंग खेळायचा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर गेलं. उपचार म्हणून पोहायला लागला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आला, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पदकाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. सिनेमात फारशी न बसणारी गोष्ट ही की पुण्याच्या टेल्कोने त्यांना नोकरी दिली. जो माणूस चालू शकत नाही त्याला ट्रक बनवणाऱ्या कंपनीत कामावर घेणं हे त्या काळात साधं नव्हतं. महिनाअखेरीला हातात येणाऱ्या पगाराने माणसाचं जे होतं ते टाळ्यांनी होत नाही, आणि पेटकरांना टाळ्या मिळायला कितीतरी वर्षं जावी लागली. पगार मात्र वेळेवर मिळत होता.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. केंद्र सरकारच्या गट क च्या पदांत १० टक्के आणि गट ड च्या पदांत २० टक्के जागा माजी सैनिकांना. सरकारी कंपन्या आणि बँकांत हेच आकडे १४.५ आणि २४.५. निमलष्करी दलांत असिस्टंट कमांडंटपर्यंत १० टक्के. महाराष्ट्रात गट क आणि ड मध्ये १५ टक्के समांतर आरक्षण. वयात सवलत अशी की सैन्यात घालवलेली वर्षं वयातून वजा करायची आणि वर तीन वर्षं द्यायची. मॅट्रिक होऊन पंधरा वर्षं नोकरी केलेल्याला गट क च्या पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचा मानायची तरतूदही आहे. कागदावर एवढी सोय फार थोड्या लोकांची झाली असेल.

प्रत्यक्षात काय आहे? माजी सैनिकांच्या पुनर्वसन महासंचालनालयाकडची ३० जून २०२१ पर्यंतची आकडेवारी पाहा. केंद्राच्या ७७ खात्यांपैकी ३४ खात्यांनीच माहिती कळवली होती, आणि त्यांच्यात गट क मध्ये माजी सैनिक निघाले १.२९ टक्के, गट ड मध्ये २.६६. माहिती कळवणाऱ्या ९४ सरकारी कंपन्यांत गट क मध्ये १.१५ टक्के आणि गट ड मध्ये ०.३. निमलष्करी दलांतला आकडा सगळ्यांत बोलका: गट क मध्ये ०.४७ टक्के. म्हणजे ज्या कामासाठी बंदूक चालवता येणारा, सीमेवर राहिलेला, हुकूम पाळणारा माणूसच हवा, तिथे शंभरात एकही नाही.

बँकांचं चित्र वेगळं आहे. माहिती देणाऱ्या १३ सरकारी बँकांत गट क मध्ये ९.१ टक्के आणि गट ड मध्ये २१.३४ टक्के. गट ड चा हा आकडा बँकेच्या बंदूकधारी शिपायांमुळे फुगला असावा, असा माझा अंदाज आहे. म्हणजे कोटा जिथे सगळ्यांत जास्त भरला तिथेही तो दारावरच भरला. पण ९.१ टक्के कारकून हे खरं यश आहे. तालुक्याच्या गावी काउंटरवर बसलेला, चष्मा कपाळावर सरकवून पासबुक भरून देणारा माजी सुभेदार पुष्कळांनी पाहिलेला असतो, आणि त्याच्या रांगेत सहसा आरडाओरडा होत नाही.

जागा का भरत नाहीत याचं सरकारी उत्तर ठरलेलं: पात्र उमेदवार मिळत नाहीत. ते अगदीच खोटं नाही. चाळिशीतल्या माणसाला स्पर्धा परीक्षेत बावीस वर्षांच्या पोरांबरोबर बसवलं, समोर बुद्धिमापनाचे आणि व्याकरणाचे प्रश्न टाकले, की गेल्या वीस वर्षांत त्याने काय केलं हे त्या पेपरला कळायला वाव नसतो. पास झाला नाही की जागा दुसऱ्या उमेदवाराला जाते. पुढच्या भरतीपर्यंत ती त्याच्यासाठी राखून ठेवली जात नाही. दुसरं कारण याहून मोठं आहे. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्रात गट ड ची पदं गट क मध्ये मिसळली. शिपाई, चौकीदार, माळी, सफाईवाले ही कामं सरकारी कचेऱ्यांत, महामंडळांत, विद्यापीठांत कंत्राटदाराकडे गेली. कंत्राटी कामात आरक्षण नसतं. वीस टक्के राखीव आहेत खरे, पण कशाचे वीस टक्के? कोट्याला हात न लावता कोटा संपवण्याची ही रीत माजी सैनिकांपुरतीच नाही. ज्यांना ज्यांना राखीव जागा आहेत त्या सगळ्यांनी ती अनुभवली आहे.

मग कंत्राटातच शिरणं आलं. महाराष्ट्रात माजी सैनिकांचं महामंडळ आहे, मेस्को, ते सरकारी आस्थापनांना सुरक्षारक्षक पुरवतं. पुनर्वसन महासंचालनालयाच्या यादीतल्या सुरक्षा एजन्सींनी बहुतांश माणसं माजी सैनिकच ठेवायची असतात आणि त्यांचे दरही ठरवून दिलेले असतात. ज्याला वर्दी सोडवत नाही तो पुन्हा डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये जातो आणि खडकी-देहूरोडसारख्या ठिकाणी लष्कराच्या डेपोंवर पहारा देतो. या सगळ्या वाटा चांगल्या, नियमातल्या आहेत. फक्त सगळ्या पहाऱ्याच्या आहेत.

खासगी क्षेत्रात तर यादी, दर असलं काही नाही. तिथे माजी सैनिक हवा असतो कारण तो वेळेवर येतो, दारू पिऊन येत नाही, चोरी करत नाही, आणि गिऱ्हाइकाला 'आमच्याकडे एक्स-आर्मी आहे' असं सांगता येतं. पगार मात्र तोच. त्याला तो परवडतो कारण वर पेन्शन आहे. म्हणजे सरकार देतं ती पेन्शन सोसायट्यांच्या आणि मॉलच्या रखवालीचं बिल कमी ठेवायला उपयोगी पडते. देशसेवेचा सन्मान करतो असं म्हणत आपण त्या सेवेची पेन्शन आपल्या मेंटेनन्समध्ये वळती करून घेतो.

माजी सैनिकाला नोकरी द्या असं सांगणाऱ्यांनी 'त्यांनी आपल्यासाठी रक्त सांडलं' इथून सुरुवात करू नये, असं मला म्हणूनच वाटतं. त्या वाक्याने मान झुकते, पण नेमणुकीचं पत्र निघत नाही. कृतज्ञता म्हणून दिलेली नोकरी नेहमी खालची असते. ती देणाऱ्याला पुण्य मिळवून देते आणि घेणाऱ्याला खुर्ची. त्यापेक्षा त्याचं डिस्चार्ज बुक उघडून वाचा. त्यात ट्रेड लिहिलेला असतो: क्लर्क, ड्रायव्हर, स्टोअरकीपर टेक्निकल, व्हेइकल मेकॅनिक, नर्सिंग असिस्टंट. केलेले कोर्स असतात, वर्ग असतो, आणि चारित्र्याचा शेरा असतो, एक्झेम्प्लरी किंवा व्हेरी गुड. खासगी नोकरीत वीस वर्षं काढलेल्या कुणाकडे एवढं तपासलेलं प्रमाणपत्र असतं? अडचण एवढीच की ते पुस्तक एचआरच्या टेबलावर बसलेल्या पंचविशीतल्या मुलाला वाचता येत नाही. त्याच्या संगणकात 'सुरक्षा' नावाचा एक रकाना आहे, तो सगळे त्यात टाकतो.

आपल्याच भागातलं एक काम घ्या. पश्चिम महाराष्ट्रात गाळप सुरू झालं की साखर कारखान्याच्या गाडीतळावर ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते. कुणाला आधी आत सोडायचं, कुणाचं वजन कधी घ्यायचं, फडातून आणखी किती गाड्या निघाल्या आहेत, मध्ये एखादी बंद पडली तर काय, याचा निर्णय दिवसरात्र चालू असतो आणि तिथे रोज भांडणं होतात. लष्कराच्या एएससीत ज्याने बर्फ पडायच्या आत लडाखला रसद पोचवणारे ताफे हलवले आहेत, त्याला हे काम शिकवावं लागणार नाही. असे लोक त्याच तालुक्यांत घरी बसलेले आहेत. कारखाना त्यांना घेतो, पण गाडीतळाच्या फाटकावर दांडा घेऊन उभं राहायला. हीच गोष्ट दूध संघांच्या टँकरची, कागल आणि शिरवळच्या एमआयडीसीतल्या स्टोअरची, १०८ च्या रुग्णवाहिकांची. लष्कराच्या वाहन परवान्याचं आरटीओत सिव्हिल परवान्यात रूपांतर होतं, त्यामुळे ड्रायव्हरचं तेवढं भागतं. नर्सिंग असिस्टंटचं भागत नाही. ज्याने उंचावर गुदमरलेल्या जवानाचा जीव वाचवला, त्याला कौन्सिलची नोंदणी नसेल तर जिल्हा रुग्णालयात नर्स म्हणून इंजेक्शन देता येत नाही. नियमाची गरज मला मान्य आहे. तो जे शिकला ते मोजून उरलेला अभ्यास थोडक्यात पुरा करून घेणारी वाट सहज सापडू नये, हे पटत नाही.

दुसरी बाजूही आहे, आणि मालक लोक ती सांगतात तेव्हा सगळ्याच थापा मारत नसतात. वीस वर्षं वरून आलेला हुकूम पाळलेल्या माणसाला कारखान्यातली वाटाघाट, युनियनची भाषा, पंचवीस वर्षांचा साहेब हे जड जातं. काही जण हुद्दा घरी ठेवून येत नाहीत. संगणकाची भीती असते. आणि मुख्य म्हणजे त्याला पुन्हा गाव सोडायचं नसतं. लग्नानंतरची बरीच वर्षं घरापासून लांब गेली, मुलांचं बालपण फोनवर पाहिलं, आता चाकणला एकट्याने खोली करून राहा म्हटलं तर तो नको म्हणतो. याला आळस म्हणणाऱ्याने एकदा तरी सलग अकरा महिने घराबाहेर काढून बघावेत.

निवृत्तीआधी सैन्य पुनर्वसनाचं प्रशिक्षण देतं. अधिकाऱ्यांना त्यासाठी मोठ्या व्यवस्थापन संस्थांत सहा महिन्यांचे अभ्यासक्रम मिळतात आणि त्यातून बरेच जण कंपन्यांत चांगल्या जागी जातात. जवानांनाही अभ्यासक्रम असतात, पण त्यांच्या शेवटी कोणता मालक उभा आहे हे ठरलेलं नसतं. संख्येने जवान जास्त आणि वाट त्यांचीच अरुंद, ही रचना बदलण्याच्या गप्पा कारगिलपासून चालू आहेत. के. सुब्रह्मण्यम यांच्या कारगिल आढावा समितीने सुचवलं होतं की जवानाची सैन्यातली नोकरी सात ते दहा वर्षांवर आणावी आणि नंतर त्याला निमलष्करी दलांत घ्यावं. सूचनेचा पहिला भाग कधीतरी पुढे आला, दुसरा मागेच राहिला. निमलष्करी दलांनी ०.४७ चा आकडा का आणला, हे यातून कळतं. त्यांना आपले तरुण आपणच भरती करायचे होते.

१४ जून २०२२ ला सैन्यभरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली आणि सगळा हिशेबच बदलला. अग्निवीर म्हणून चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चारांतला एक कायम, बाकीचे तीन घरी. पहिल्या वर्षाच्या भरतीचा जाहीर आकडा ४६,००० होता. ते सगळे शेवटपर्यंत टिकले तर त्यांतले ३४,५०० जण एकाच हंगामात परत येतात, आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेलेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ सरताना भरतात. जाताना सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे वर सांगितलेल्या राखीव जागाही नाहीत. निमलष्करी दलांत त्यांच्यासाठी वेगळ्या जागा ठेवल्या आहेत, त्यांचं काय होतं ते दिसेलच.

ही मुलं विशीतली असतील. चाळिशीतल्या हवालदारापेक्षा ती चपळ असतील, संगणक त्यांच्या हातात असेल, अजून काहीही शिकता येईल असं त्यांचं वय असेल. पण सुरक्षा एजन्सीचा धंदा ज्या गणितावर चालतो ते त्यांच्या बाबतीत जुळणार नाही. मेजरला गेटवर कमी पगारात उभं राहणं परवडत होतं, कारण दर महिन्याला खात्यात पेन्शन पडत होती. अग्निवीराच्या खात्यात ती पडणार नाही. अकरा लाखांतून सेकंडहँड टेम्पो येतो, नाहीतर घराचा स्लॅब पडतो, नाहीतर बहिणीचं लग्न होतं, आणि तिथे ते संपतात. मग खटाव-माणमधलं ते पोरगं नोकरी मागायला येईल तेव्हा पूर्ण पगार मागेल, आणि तो द्यायचा तर त्याला काय काय येतं हे मालकाला आधी नीट विचारावं लागेल.